रिट्झचा पाहुणचार आणि एस्कोफिएचा मुदपाकखाना

परक्या छपराखाली रात्र काढणे हे मनुष्याने हजारो वर्षे केले ते नाइलाज म्हणून. केवळ त्या छपराखाली राहावयास मिळावे एवढ्याच हेतूने घरदार सोडून, पदरचे पैसे मोजून, चार दिवस हौसेने तेथे मुक्कामास जाणे ही गोष्ट मात्र फार अलीकडची, जेमतेम दीडशे वर्षांपूर्वी रूढ झालेली आहे. आपल्याकडे धर्मशाळा होत्या, मुसाफिरखाने होते, हमरस्त्यांवर सराया होत्या. युरोपातही खानावळवजा पांथशाळांची उणीव नव्हती. परंतु तेथे उतारूने केव्हा जेवावे, काय जेवावे आणि कोणाच्या मांडीला मांडी लावून जेवावे हे सारे यजमानाने ठरवावयाचे असे, आणि कित्येकदा बिछानाही अनोळखी इसमाबरोबर वाटून घ्यावा लागे. ज्यांना असली गैरसोय मानवत नसे ते धनिक लोक शिफारसपत्रे घेऊन एखाद्या उमरावाच्या वाड्यातच उतरत. सार्वजनिक जागी, पैसे टाकून, राजवाड्याच्या तोडीचा पाहुणचार मिळू शकतो हे त्यांना पटवून देणारा मनुष्य स्वित्झर्लंडच्या एका खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी, तेरावे अपत्य म्हणून जन्माला यावा, हा इतिहासाचा एक मिस्कील न्याय म्हणावयाचा.

त्याचे नाव सेझार रिट्झ. जन्म १८५० सालचा, गाव व्हॅले प्रांतातील नीडरवाल्ड. बापाने त्याला ब्रिग येथील एका हॉटेलात मद्य वाढण्याच्या कामावर उमेदवार म्हणून ठेवले, आणि तेथल्या मालकाने थोड्याच दिवसांत, या धंद्यास लागणारी विशेष नजर तुझ्या ठायी नाही, असे स्पष्ट सांगून त्याला घरची वाट दाखविली, अशी हकीकत त्याच्या चरित्रकारांनी नमूद केली आहे. पोरगा घरी बसला नाही. १८६७ साली पॅरिसला जे विश्वप्रदर्शन भरले त्याच्या गर्दीत तो तेथे पोहोचला. बूट पुसणे, सामान वाहणे, टेबले लावणे, अशा पायऱ्या चढत चढत व्वाझँ या नामांकित भोजनगृहात वाढपी झाला, आणि श्रीमंत माणूस कशाने खूष होतो यापेक्षा तो कशाने चिडतो, याचे सूक्ष्म निरीक्षण त्याने तेथे केले.

काळही त्याला अनुकूल होता. आगगाडीने आल्प्सचे पायथे गाठले होते. १८७१ साली रिगी पर्वतावर युरोपातील पहिली दातेरी रुळांची डोंगरी रेल्वे सुरू झाली, आणि जेथे पूर्वी माणसाच्या वा खेचराच्या पाठीवरून जावे लागे तेथे इंग्रज आणि अमेरिकन कुटुंबे पेटारे, छत्र्या व दायांसह सूर्योदय पाहावयास जाऊ लागली. उन्हाळ्यात ल्यूसर्नचे सरोवर, हिवाळ्यात भूमध्यसमुद्राचा निळा काठ, असा धनिकांचा वार्षिक फेरा ठरून गेला. आणि हॉटेलांचे चाकरही पक्ष्यांच्या थव्याप्रमाणे ऋतू बदलताच एका ठिकाणचा मुक्काम हलवून दुसरीकडे जात. रिट्झनेही पुढे कित्येक वर्षे हाच क्रम पाळला.

रिगीच्या शिखरावरील हॉटेलात तो व्यवस्थापक असताना घडलेली एक गोष्ट त्याच्या चरित्रकारांनी मोठ्या आवडीने सांगितली आहे, आणि ती थोडी विस्ताराने सांगण्याजोगी आहे. बाहेर कडाक्याची थंडी पडलेली, चाळीसएक अमेरिकन प्रवाशांचा जथा दुपारच्या भोजनास वर येत असल्याची वर्दी आलेली, आणि नेमक्या त्याच दिवशी इमारत उबदार ठेवणारी यंत्रणा बंद पडलेली. दुसरा एखादा व्यवस्थापक क्षमायाचनेची भाषा जुळवीत बसला असता. रिट्झने मोठे भोजनदालन सोडून दिवाणखान्याच्या लहान खोलीत टेबले हलविली. तेथे लाल पडदे होते, आणि लाल रंग नुसता डोळ्यांस दिसला तरी मनुष्यास ऊब वाटते हे तो जाणून होता. शोभेची ताडाची झाडे ज्या मोठमोठ्या तांब्याच्या कुंड्यांत लावलेली होती ती झाडे काढून, त्या कुंड्यांत त्याने स्पिरिट ओतून पेटविले. भट्टीत विटा तापवून, फ्लॅनेलच्या कापडात गुंडाळून, प्रत्येक पाहुण्याच्या पायाशी एकेक ठेवविली. पदार्थांची यादीही बदलली: आरंभी वाफाळते सार, शेवटी टेबलाशी ब्रँडी पेटवून ज्वाळांसह आणलेली धिरडी. पाहुणे जेवून उठले ते संतुष्ट होऊन. आणि त्या दिवशी खोलीचे तपमान वस्तुतः किती होते याची चौकशी करण्याचे कोणाच्या मनातही आले नाही.

या कथेत थोडाफार मीठमसाला मिसळला असण्याचा संभव आहे. तथापि आलिशान हॉटेल म्हणजे काय याचे तिच्याइतके नेमके उत्तर मला अन्यत्र आढळलेले नाही. संगमरवर, झुंबरे, चांदीचे काटेचमचे ही सामग्री पैसा असलेला कोणीही खरीदू शकतो, आणि अशी खरीदलेली सामग्री धूळ खात पडलेली हॉटेले आपल्या देशातही पुष्कळ आहेत. पाहुणा तेथे खरोखर जे विकत घेतो ते असते चिंतेपासूनची सुटका: आपल्या आधी कोणीतरी आपल्या सोयीचा विचार करून ठेवला आहे ही खात्री. आणि ही खात्री भावनेने निर्माण होत नाही. ती बंदोबस्ताने, शिरस्त्याने, हुद्द्यांच्या काटेकोर वाटणीने निर्माण होते. दर्शनी भागात जितकी निवांत शांतता, तितकी पडद्यामागे कडक शिस्त असावी लागते.

पडद्यामागची ही शिस्त रिट्झला मिळाली ती ऑग्यूस्त एस्कोफिएच्या रूपाने. रिट्झ माँटे कार्लोच्या ग्रँड हॉटेलचा कारभार पाहत असता शेजारच्या प्रतिस्पर्ध्याने त्याचा प्रमुख आचारी फोडून नेला, आणि त्या रिकाम्या जागेवर १८८४ साली एस्कोफिए आला. हा मूळचा नीसजवळच्या व्हिलनव्ह-लूबे गावचा. वयाच्या तेराव्या वर्षी चुलत्याच्या भोजनगृहात कामास लागलेला, आणि १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात लष्करी स्वयंपाकी म्हणून राबलेला. उंचीने इतका ठेंगणा की चुलाणांच्या झळा चेहऱ्यावर येऊ नयेत म्हणून उंच टाचांचे बूट घालून वावरे. त्या काळचे फ्रेंच मुदपाकखाने म्हणजे तळघरातील धुराने कोंदलेले नरक होते. आचारी तहानेने व्याकूळ होऊन दारू ढोशीत, शिव्याशापांनी कानठळ्या बसत, आणि मारहाणही शिक्षणाचाच भाग समजली जाई. एस्कोफिएने दारू बंद करून सातूचे पेय ठेवले, आरडाओरड्यास मनाई केली, आणि लष्करात पाहिलेली हुद्देवारी उचलून चुलीपाशी आणून बसविली.

मराठेशाहीतील बारा महाल आणि अठरा कारखाने ज्यांनी इतिहासात वाचले आहेत, आबदारखाना, शरबतखाना, मुदपाकखाना, प्रत्येकाचा निराळा दरोगा आणि निराळा हिशेब, त्यांना ही रचना परकी वाटणार नाही. एस्कोफिएच्या मुदपाकखान्यात सॉसचा अधिकारी वेगळा, मासळीचा वेगळा, भाजणीचा वेगळा, भाज्या-अंड्यांचा वेगळा, थंड पदार्थांचा कोठावळा वेगळा आणि पिष्टान्नांचा वेगळा. प्रत्येकाच्या हाताखाली उमेदवार. आणि सर्वांवर स्वतः शेफ. पूर्वी प्रत्येक विभाग आपापला पदार्थ आरंभापासून अखेरपर्यंत एकटाच करी. नव्या पद्धतीत एकच पदार्थ अनेक हातांतून जाऊ लागला. उदाहरणार्थ, मेयरबेअर नावाचा अंड्यांचा एक पदार्थ घ्या: लोण्यात भाजलेली अंडी, त्यांवर निखाऱ्यावर शेकलेला कोकराचा गुर्दा आणि भोवती ट्रफल या सुवासिक अळंब्याचा सॉस. एकाच आचाऱ्याच्या हाती याला पंधरा मिनिटे लागत. एस्कोफिएकडे अंडी एकाने, गुर्दा दुसऱ्याने, सॉस तिसऱ्याने एकाच वेळी करावा आणि काही मिनिटांत थाळी सिद्ध व्हावी, अशी तजवीज झाली. पाहुण्याने मागणी सांगितली की तिची चिठ्ठी तीन प्रतींत होई. एक मुदपाकखान्यात, एक खजिनदाराकडे, एक वाढप्याजवळ. मुदपाकखान्याच्या तोंडाशी आबोयेर या हुद्द्याचा इसम उभा असे. तो चिठ्ठी वाचून मागणी पुकारी आणि त्या त्या विभागातून रुकार येई. कारखान्यांतून श्रमविभागणीचे जे तत्त्व लोखंड आणि कापड यांना लागू झाले होते, ते येथे अंड्याला आणि कोंबडीला लागू झाले. पाहुण्याला मात्र पत्ता लागू दिला गेला नाही, आणि त्याला आपली थाळी केवळ आपल्याचसाठी रांधली असे वाटत राहिले.

वाढण्याची रीतही याच सुमारास पालटत होती. जुन्या फ्रेंच पद्धतीत एका फेरीचे सारे पदार्थ टेबलावर रेखीव आकृतीत मांडून ठेवीत. देखावा अप्रतिम दिसे, पण ज्याच्या हाताशी जे आले ते त्याने खावे, आणि दूरची बशी तोवर थंड व्हावी. त्यापेक्षा एकामागून एक, गरम गरम, प्रत्येकास वाटणी करून पदार्थ आणणारी रीत रशियन म्हणून ओळखली जाई. ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसला परिचित झाली आणि उत्तरार्धात रुळली. आपल्या पंगतीतला आग्रहाचा वाढपी जसा भात, वरण, पोळी, पक्वान्न यांच्या फेऱ्या क्रमाने काढतो, तशीच ही पद्धत, फक्त आग्रह वगळून.

मात्र एस्कोफिएच्या कीर्तीचा पाया चुलीवर दिवसभर चढलेल्या मोठ्या पातेल्यात होता. वासराची हाडे भट्टीत तांबूस होईतो भाजावयाची, कांदा, गाजर आणि सुगंधी पाल्यासह थंड पाण्यात घालावयाची, आणि उकळी फुटू न देता, पृष्ठभागावर एखाददुसरा बुडबुडा तेवढा उठेल इतक्याच आचेवर, तासन्तास ठेवावयाची. वर येणारा फेस आणि मेद झाऱ्याने सतत काढीत राहावयाचे. उमेदवाराचे पहिले शिक्षण हेच. नंतर मलमलीतून गाळून तो रस आटविला की पळीच्या पाठीला लागून राहील असा तकतकीत सॉसचा मूळ द्रव तयार होतो. आणि त्याच जातीच्या रश्शापासून जेव्हा निवळ सार करावयाचे असेल, तेव्हा थंड रश्शात खिमा आणि अंड्यांचा पांढरा बलक कालवून तो हळूहळू तापवितात. बलक गोठता गोठता सारा गाळ ओढून घेऊन वर जाडसर साय धरतो, तिला एका बाजूस छिद्र पाडून आतील द्रव पळी-पळीने काढतात, आणि तो इतका नितळ असावा लागतो की खोल बशीच्या तळाचे नक्षीकाम स्पष्ट दिसावे. या कामात लबाडीला वाव नाही. आच वाढली, पळी हलली, की सार गढूळ होते.

१८८९ साली लंडनला टेम्स नदीच्या काठी सव्हॉय हॉटेल उघडले. गिल्बर्ट आणि सलिव्हन यांच्या संगीतिकांवर गबर झालेला नाट्यव्यवसायी रिचर्ड डॉयली कार्ट हा त्याचा मालक. विजेचे दिवे, वर जाणाऱ्या खोल्या म्हणून वर्णिलेल्या लिफ्ट, आणि स्नानगृहे इतकी की, आपले उतारू जलचर आहेत की काय, असे इमारत बांधणाऱ्याने विचारले म्हणतात. कारण त्याच शहरातील दुसऱ्या एका मोठ्या हॉटेलात पाचशे उतारूंमागे चारच स्नानगृहे होती. रिट्झ व एस्कोफिए येथे येताच लंडनच्या सामाजिक रीतिरिवाजांत एक महत्त्वाचा फरक घडला. घरंदाज इंग्रज स्त्री त्यापूर्वी सार्वजनिक ठिकाणी जेवीत नसे. रिट्झने सायंकाळचा पोशाख सक्तीचा केला आणि सोबतीवाचून येणाऱ्या स्त्रियांस मज्जाव केला. सरदारांच्या बायका जेवावयास आल्या. मग सरदार यावयाचे राहतात कोठे!

एस्कोफिएने त्यांना पदार्थांच्या नावांनीही भुलविले. बेडकाचे पाय इंग्रजांस निषिद्ध. त्याने ते थंड करून, गुलाबी जेलीत मांडून, उषःकालच्या अप्सरांच्या मांड्या या नावाने युवराजाच्या मेजवानीत वाढले आणि मंडळींनी मिटक्या मारीत खाल्ले. ऑस्ट्रेलियन गायिका नेली मेल्बा हिने वागनरच्या लोहेनग्रिन या संगीतिकेत काम केले, तेव्हा त्यातील हंसाची आठवण ठेवून त्याने बर्फाचा हंस कोरविला आणि त्याच्या पंखांमध्ये व्हॅनिला आइस्क्रीमवर पीच मांडून पाठविले. रास्पबेरीचा रस त्यात पुढे लंडनच्याच कार्लटन हॉटेलात आला, आणि पीच मेल्बा म्हणून तो पदार्थ जगभर गेला.

या वैभवाला एक काळी किनार आहे, आणि ती झाकून ठेवण्याचे कारण नाही. मार्च १८९८ मध्ये सव्हॉयच्या संचालकांनी रिट्झ व एस्कोफिए या दोघांस तडकाफडकी बरतर्फ केले. हजारो पौंडांच्या मद्याचा हिशेब लागत नव्हता, आणि माल पुरविणाऱ्या व्यापाऱ्यांकडून एस्कोफिए दस्तुरी खात असल्याचा ठपका होता. १९०० च्या आरंभी दोघांनी कबुलीजबाब लिहून दिले; एस्कोफिएच्या नावे आठ हजार पौंडांवर रक्कम निघाली, परंतु देण्यास त्याच्याजवळ पाचशेच होते आणि तेवढ्यावर प्रकरण मिटले. अब्रू उभयपक्षी जपावयाची असल्याने हे कागद सुमारे ऐंशी वर्षे दप्तरात पडून राहिले. कोठीवरच्या माणसाने व्यापाऱ्याकडून दस्तुरी घेणे ही त्या काळच्या बड्या घरांतील सर्रास चाल होती, असा बचाव त्यांच्यातर्फे करता येतो. परंतु उमेदवारांना पै-पैच्या शिस्तीचे धडे देणाऱ्यांच्या तोंडी तो फारसा शोभत नाही, हेही तितकेच खरे.

बरतर्फीने त्यांचे काही अडले नाही. १८९८ मध्येच, १ जूनला, पॅरिसच्या प्लास व्हांदोम चौकात, जुन्या उमरावी हवेलीच्या दर्शनी भागामागे, रिट्झने स्वतःच्या नावाचे हॉटेल उघडले. तेथे भिंतींवर कागद न चिकटविता रंग दिला, कारण रंग धुता येतो. पलंग पितळेचे ठेवले, कारण लाकडात ढेकूण होतात. धूळ धरणारे जड मखमली पडदे वर्ज्य केले. क्षयाच्या भयाने ग्रासलेल्या त्या युगात स्वच्छता हीच त्याच्या लेखी सर्वांत मोठी चैन होती. १८९९ मध्ये लंडनचे कार्लटन हॉटेल त्याच्या हाती आले, आणि १९०३ साली एस्कोफिएने पाच हजारांवर पाककृतींचा ‘गीद क्यूलिनेर’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. धंदेवाईक आचारी आजही तो उघडतात. रिट्झला मात्र विश्रांती ठाऊक नव्हती. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी कार्लटनमध्ये प्रचंड सिद्धता झाली असता, जून १९०२ मध्ये समारंभास अवघे दोन दिवस उरले असताना, राजावर तातडीची शस्त्रक्रिया करावी लागली आणि समारंभ लांबणीवर पडला. सर्व मागण्या रद्द झाल्या. रिट्झने शांतपणे सगळी निरवानिरव केली आणि मग तो कोसळला, तो पुन्हा पूर्णपणे सावरलाच नाही. पुढची सोळा वर्षे त्याने बहुतांशी विषण्णतेच्या आजारात काढली. इतरांच्या सुट्ट्या सुखाच्या करणाऱ्याने स्वतः सुट्टी अशी घेतलीच नव्हती.

एस्कोफिएचा ग्रंथ निघाला त्याच वर्षी, १६ डिसेंबर १९०३ रोजी, मुंबईस अपोलो बंदरावर ताजमहाल हॉटेलचे दरवाजे उघडले. समोरचे गेटवे ऑफ इंडिया त्या वेळी अस्तित्वातच नव्हते. ते १९२४ मध्ये खुले झाले. वॉटसन हॉटेलात प्रवेश नाकारला गेल्याच्या संतापाने जमशेटजी टाटांनी ताज बांधले ही कथा सर्वतोमुखी आहे, पण तिच्याविषयी इतिहासकार साशंक आहेत. १८९६ च्या प्लेगने खचलेल्या आपल्या शहराला पुन्हा उभारी यावी ही इच्छा मला त्याहून अधिक संभवनीय वाटते. आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा, काम पुरे केले डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी. विजेचे दिवे, लिफ्ट, बर्फ तयार करण्याची सोय, तुर्की स्नानगृहे, थाळ्या धुण्याचे यंत्र, चांदीच्या भांड्यांना झिलई देणारे यंत्र, असा सारा सरंजाम जमशेटजींनी परदेशांतून जातीने आणविला. पंखा व स्नानगृह असलेल्या खोलीचा तेव्हाचा दर तेरा रुपये, भोजनासह वीस.

आणि त्या मुदपाकखान्यात एस्कोफिएची विद्या ज्या हातांनी आत्मसात केली, त्यांतले पुष्कळ हात गोव्याचे होते. बार्देश, साष्टीतून निघालेले तरुण मुंबईस धोबीतलाव, माझगाव भागांतील आपापल्या गावच्या ‘कूड’ नावाच्या सामायिक बिऱ्हाडांत उतरत. भिंतीशी पत्र्याच्या ट्रंकांची रांग, एका बाजूस वेदी, आणि रोज सायंकाळी सामुदायिक प्रार्थना. तेथून कोणी आगबोटींवर जाई, कोणी हॉटेलांच्या चुलाणांपाशी. पोर्तुगीज अमदानीमुळे पाव, सिरका आणि गोमांस-डुकराच्या मांसाचा सोवळेपणाविना सराव असल्याने पाश्चात्त्य पाकविद्या त्यांना लवकर साधली. ताजच्या मुदपाकखान्याचे प्रमुखपद पुढे ज्यांनी भूषविले ते मिगेल आर्कांजो मास्करेन्हस, ऊर्फ मास्की, याच मातीतले. भारतीय शेफांच्या एका पिढीने त्यांना गुरू मानले.

तेव्हा वाचकास सुट्टीनिमित्त कधी अशा एखाद्या हॉटेलात मुक्कामाचा योग आला, तर एक सूचना करावीशी वाटते. जेवणास बसल्यावर यादीतील सर्वांत महागड्या, सर्वांत लांब नावाच्या पदार्थाकडे धाव घेऊ नये. आधी निवळ सार मागवावे. ते वाफाळत आले आणि त्यातून बशीचा तळ स्वच्छ दिसला, तर पुढचे सर्व निश्चिंतपणे मागवावे. गढूळ किंवा कोमट आले, तर बाहेर पडून एखाद्या भरवशाच्या खानावळीत जेवावे आणि हॉटेलात फक्त झोपावयास परतावे.